तीन गोष्टी नसलेले गाव : जॉन ग्रब रिचर्डसन

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवरून गिरण्यांच्या झांक्या निघतात, तेव्हा दरवर्षी आम्हांला एक गोष्ट जाणवते. गिरण्यांचे भोंगे थांबून कितीतरी वर्षे लोटली, तरी झांकी कोणत्या मिलची हे रस्त्यावरचा माणूस अजून नावानिशी सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे आजोबा-पणजोबा त्या गिरण्यांच्याच आसऱ्याने या शहरात रुजले. कुणी खात्यात, कुणी कचेरीत, कुणी गिरणीच्या शाळेत. त्यामुळे गिरणीमालक म्हटला की एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. यंदा स्मरणिकेसाठी आम्ही निवडलेले गिरणीमालक त्या चित्रात नीट बसत नाहीत, आणि पूर्णपणे त्याच्या बाहेरही पडत नाहीत. त्यांचे नाव जॉन ग्रब रिचर्डसन. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात त्यांनी लिननची गिरणी चालवली आणि तिच्याभोवती एक गाव वसवले. त्या गावात दारूचा गुत्ता नव्हता, गहाणवटीचे दुकान नव्हते आणि पोलीस ठाणेही नव्हते.

रिचर्डसन यांचा जन्म 1813 चा, लिसबर्नजवळचा. ग्रब हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. ती दक्षिणेकडच्या टिपेररी भागातली. दोन्ही घराणी क्वेकर पंथाची. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा, साधा पंथ. त्यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सर्वांनी शांत बसायचे आणि कुणाला आतून काही सुचले तर उठून बोलायचे. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, माणसामाणसांत उच्चनीच मानायचे नाही, दुकानात एकच भाव सांगायचा. होशंगाबादजवळच्या रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, ते याच पंथाच्या लोकांचे. शपथ घेत नसल्यामुळे सरकारी पदांची दारे या मंडळींना दीर्घकाळ बंद होती. मग हुशार मुलगा व्यापारात शिरायचा. शब्दाचा पक्का म्हणून त्याच्याकडे गिऱ्हाईकही येई. रिचर्डसनांच्या घरी लिननचा धंदा चालत आला होता तो असा.

लिनन म्हणजे काय, हे आपल्याला थोडे सांगायला हवे. ते निघते जवसाच्या झाडापासून. होय, ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. आपण बी घेतो आणि काडी टाकून देतो. आयरिश शेतकरी काडीसाठीच पीक घेई. झाड कापायचे नाही, मुळासकट उपटायचे, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. मग पेंढ्या बांधून डबक्यात कुजत घालायच्या, जशी आपल्याकडे वाखासाठी अंबाडी कुजवतात तशा. त्या दिवसांत साऱ्या शिवारात असा दर्प सुटे की नाक धरूनच चालावे लागे. काड्या वाळवून, झोडपून, पोलादी दातांच्या फण्यांवर विंचरून धागा मोकळा करायचा आणि गिरणीत गरम पाण्यातून ओढत कातायचा. कापड विणून झाल्यावर हिरवळीवर अंथरून ऊन-पावसात पांढरे करायचे.

हे वाचायला छान वाटते, पण गिरणीच्या आत ते छान नव्हते. विंचरण्याच्या खात्यात धूळ इतकी की छाती पोखरून जाई. कातण्याच्या खात्यात वाफ, दमट उष्मा आणि ओली फरशी. बायका आणि मुली दिवसभर अनवाणी उभ्या. बेलफास्टमध्ये 1830 नंतर अशा गिरण्या भराभर उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर दाटीवाटीच्या गल्ल्या, ताप, दारू आणि गहाणवटीची दुकानेही आली. शनिवारी पगार, सोमवारी अंगावरचा चांगला कपडा गहाण. आपल्या जुन्या गिरणगावांना हे काही नवीन नाही.

घरचा व्यवसाय वाढवायची वेळ आली, तेव्हा जॉन रिचर्डसन यांनी शहरात गिरणी काढायला नकार दिला. हजारो माणसांना शहरात गोळा करून त्यांच्या जगण्याची जबाबदारी अंगावर घ्यायची नाही, हे त्यांच्या मनात पक्के होते. 1845 मध्ये आर्मा जिल्ह्यात, न्यूरी शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर, बेसब्रुक नावाच्या ठिकाणी आगीत जळलेली एक जुनी गिरणी विकाऊ निघाली. जागा खेडवळ. ओढ्याला बारमाही पाणी, आसपास जवसाची शेते, डोंगरात निळसर ग्रॅनाइटचा दगड आणि कामाच्या शोधात असलेली माणसे. रिचर्डसनांनी ती घेतली. क्वेकर पुढारी विल्यम पेन याने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाची वसाहत उभारली होती, तिची आठवण त्यांच्या मनात होती असे सांगतात.

आता वर्ष लक्षात घ्या. 1845 च्याच शरद ऋतूत आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. गरिबाचे सारे जेवण बटाटा; तो काळा पडून जमिनीतच सडला. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने गेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात धान्याची जहाजे आयर्लंडबाहेर निर्यातीला जातच होती. दुष्काळाचे हे रूप आपल्याकडच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. डब्लिनच्या क्वेकरांनी 1846 मध्ये मदत समिती काढली, ठिकठिकाणी सूप शिजवण्याच्या मोठ्या कढया पोहोचवल्या, आणि अन्नाच्या बदल्यात कुणाला धर्म बदलायला लावला नाही. म्हणूनच आयरिश माणूस त्यांचे नाव आजही आदराने घेतो. बेसब्रुकची गिरणी नेमकी याच वर्षांत उभी राहत होती. भिंती बांधायला माणसे लागत, मागांवर माणसे लागत. ज्या वर्षांत भोवताली घरे ओस पडत होती, त्या वर्षांत या एका दरीत नवी घरे चढत होती. याच काळात रिचर्डसनांच्या घरात मात्र अंधार आला. त्यांच्या पहिल्या पत्नी हेलेना 1849 मध्ये वारल्या. मागे लहान मुले.

यानंतरची हकिकत आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रिचर्डसन बंधूंची लिव्हरपूलला पेढी होती आणि अमेरिकेशी मोठा व्यापार होता. देश सोडून जाणारे गरीब लोक शिडाच्या जहाजांत जनावरांसारखे कोंबले जात; सहा-सहा आठवड्यांच्या प्रवासात कित्येक वाटेतच मरत. 1850 मध्ये या बंधूंनी विल्यम इनमन या तरुण भागीदारासह वाफेच्या बोटींची कंपनी काढली आणि ‘सिटी ऑफ ग्लासगो’ ही बोट लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया सुरू केली. पुढे साध्या स्थलांतरितांनाही या बोटींत घेऊ लागले. धंदा चांगला चालला. पण 1854 च्या मार्चमध्ये तीच बोट सुमारे 480 माणसांसह समुद्रात नाहीशी झाली. तिचे काय झाले ते कधीच कळले नाही. त्याच वर्षी कंपनीची आणखी एक नवी बोट पहिल्याच फेरीत खडकावर फुटली, सुदैवाने माणसे वाचली.

कंपनी कर्जाच्या काठावर आलेली असताना क्रिमियाचे युद्ध तिला तारायला आले. फ्रेंच सरकारला सैनिक वाहून न्यायला बोटी भाड्याने हव्या होत्या आणि भाडे भरपूर मिळणार होते. इनमनला ही संधी सोडायची नव्हती. युद्धाच्या कामाला आपली बोट द्यायची नाही, हे रिचर्डसनांचे म्हणणे. त्यांनी वाद घातला नाही, कंपनीतून अंग काढून घेतले. इनमनने बोटी भाड्याने दिल्या, पैसा कमावला, आणि पुढे ती इनमन लाइन अटलांटिकवरची नामांकित कंपनी झाली. रिचर्डसन बेसब्रुकला परतले.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कापूस अडकला. त्याचे मुंबईत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे : वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव, शेअरांचे वेड आणि 1865 मध्ये सगळे कोसळणे. अल्स्टरमध्ये त्याच वर्षांत लिननचे सुगीचे दिवस आले, कारण सुती कापड महागले होते. म्हणजे युद्धाला बोट न देणाऱ्या माणसाच्या गिरणीला दुसऱ्या युद्धाने भरभराट दिली. यात रिचर्डसनांचा दोष नव्हता, पण हा प्रश्न त्यांच्या मनात आला असेलच, असे आम्हांला वाटते. 1863 मध्ये बाकीच्या भावांचे हिस्से घेऊन ते बेसब्रुकचे एकटे मालक झाले आणि मग गाव त्यांच्या मनासारखे आकाराला आले.

ग्रॅनाइटची, स्लेटच्या कौलांची घरे, मध्ये मोकळी हिरवळ सोडून चौकोनात मांडलेली. शाळा, दवाखाना, वाचनासाठी सभागृह, दुकाने. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले एका शाळेत बसत, हे त्या काळच्या अल्स्टरमध्ये क्वचित दिसणारे होते. गुत्ता नाही म्हणून पगार घरी पोहोचतो, पगार घरी पोहोचला की गहाण टाकावे लागत नाही, आणि या दोन्ही गोष्टी नसल्या की पोलिसांचे काम उरत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो बराचसा खरा ठरला. बर्मिंगहॅमजवळ चॉकलेटवाल्या कॅडबरींनी बोर्नव्हिल वसवले ते यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि आपले किर्लोस्करवाडी 1910 चे.

तरी दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. गिरणी त्यांची, घर त्यांचे, शाळा त्यांची, जमीन त्यांची. ज्याची नोकरी जाईल त्याचे छप्परही जाणार. संध्याकाळी काय प्यावे हे मालकाने ठरवायचे, आणि ज्याला प्यायचेच असेल त्याने शेजारच्या गावाची वाट धरायची. कायद्याने मुभा होती तोवर तेथेही मुले अर्धा वेळ गिरणीत आणि अर्धा वेळ शाळेत जात. फणीखात्याची धूळ क्वेकर मालकाच्या गिरणीतही धूळच होती. रिचर्डसन वडीलधाऱ्यासारखे वागले, यात शंका नाही. पण मोठ्या झालेल्या मुलांना वडीलधाऱ्यांची सत्ता कधी ना कधी जाचते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या पिढीला चांगले माहीत आहे.

1853 मध्ये त्यांनी जेन मॅरियन वेकफील्ड यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांचे घर मोयालन, बॅन नदीकाठी, जुन्या क्वेकर वस्तीत. उत्तरायुष्यात रिचर्डसन तिथे गावच्या जमीनदारासारखे राहिले : झाडी, बाग, कुळे, दारात येणारे-जाणारे. जेन स्वतः सभांतून बोलत, आणि आयर्लंडमधल्या क्वेकर घराण्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. मुलगा जेम्स 1880 ते 1885 आर्मातर्फे पार्लमेंटमध्ये होता, कुळांच्या हक्कांचा कायदा मांडणाऱ्या ग्लॅडस्टनच्या बाजूने. ग्लॅडस्टनने वडिलांना बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी देऊ केली. ती त्यांनी नाकारली. ज्या पंथात समोरच्याला ‘सर’ म्हणायचेच नसते, तिथे हे स्वाभाविकच.

1885 मध्ये बेसब्रुक ते न्यूरी विजेची ट्राम सुरू झाली, ती जगातल्या अगदी पहिल्या विजेच्या ट्रामांपैकी. वीज ओढ्याच्या पाण्यावर तयार होई. मालाच्या वघिणींची चाके अशी केली होती की रुळांवरून उतरवून घोडा जोडला की त्या साध्या रस्त्यावरही चालत. बंदरातला माल मध्ये न उतरवता थेट गिरणीच्या दारात. हे आम्हांला फार आवडले. ट्राम 1948 पर्यंत चालली. रिचर्डसन 1891 मध्ये मोयालनला वारले.

पुढे लिननचे दिवस गेले आणि 1970 नंतरच्या काळात गिरणी बंद पडली. तेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट रक्तपात सुरू होता. जानेवारी 1976 मध्ये कापड गिरणीतून बेसब्रुकला परतणाऱ्या कामगारांची गाडी अडवून दहा प्रोटेस्टंट कामगारांना रस्त्यावर गोळ्या घालण्यात आल्या. बरोबरच्या एकमेव कॅथलिक कामगाराला आधी बाजूला काढून पळायला सांगितले होते. त्याआधी काही क्षण, त्यालाच मारणार असे वाटून, प्रोटेस्टंट सोबत्यांनी त्याचा हात धरून ठेवला होता. पोलीस ठाणे नसलेल्या त्या गावात रिचर्डसनांची ग्रॅनाइटची गिरणी ब्रिटिश सैन्याचा तळ झाली. तिच्या अंगणातून रात्रंदिवस हेलिकॉप्टरे उडत. 2007 मध्ये सैन्य निघून गेले.