१३० डॉलरचा सुपरमॅन

कॉमन रूमच्या टीव्हीवर सुपरमॅनचा पिक्चर लागला की मेसची वेळ विसरून पब्लिक बसून राहतं. निळा ड्रेस, लाल केप, छातीवर एस. हा माणूस आपण सगळे ओळखतो. पण त्याला कागदावर पहिल्यांदा कोणी उतरवलं असं विचारलं, तर दहातले नऊ जण एकमेकांची तोंडं बघतील. त्या चित्रकाराचं नाव जो शुस्टर.

जोचा जन्म १० जुलै १९१४ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात झाला. आई-वडील युरोपातून आलेले ज्यू. वडील शिंपी, घरात पैशांची कायम ओढाताण. लहानपणी जो टोरांटो डेली स्टार हा पेपर विकायचा. तो साधारण दहा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत, क्लीव्हलँडला आलं. चित्रकलेचा नाद जबरदस्त, पण कागद परवडायचा नाही. मग खाटकाकडचा गुंडाळायचा कागद, वॉलपेपरची उलटी बाजू, जे हाताला लागेल त्यावर गडी चित्रं काढायचा. ड्रॉइंग बोर्ड कुठला? आईची कणीक मळायची फळी! त्यात नजर अधू, जाड भिंगाचा चष्मा.

ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्याला जेरी सीगल भेटला आणि जोडी जमली. जेरी लिहिणार, जो काढणार. १९३३ साली दोघांनी घरगुती सायक्लोस्टाइल अंक काढला, त्यात सुपरमॅन हे नाव पहिल्यांदा आलं. गंमत म्हणजे तेव्हा तो चक्क व्हिलन होता! पुढे दोघांनी त्याला हिरो केलं. जोने त्याला सर्कशीतल्या पहिलवानासारखा पोशाख दिला आणि उडी मारताना वेग दिसावा म्हणून पाठीवर फडफडणारी केप लावली. क्लार्क केंट सुरुवातीला ज्या पेपरात नोकरी करतो, त्याचं नाव डेली स्टार. जो आपला जुना पेपर विसरला नव्हता.

ही कल्पना घेऊन दोघं वर्षानुवर्षं फिरले. सगळीकडून नकार. शेवटी मार्च १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन कंपनीने ती घेतली. पानाला १० डॉलर, १३ पानं, एकूण १३० डॉलर. त्या बदल्यात सुपरमॅनचे सगळे हक्क कंपनीला लिहून दिले. दोघांचं वय तेव्हा २३. ज्या चेकमधून हे पैसे मिळाले, त्यावर दोघांच्याही नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं!

जून १९३८ च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाच्या कव्हरवर सुपरमॅन मोटार डोक्यावर उचलून उभा राहिला आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. पेपरातली स्ट्रिप, रेडिओ, कार्टून फिल्म... दोघांना कामाचे पैसे चांगले मिळत होते, पण खरी मलई कंपनीकडे जात होती. जोची नजर आणखी कमी होत गेली आणि मदतनीस चित्रकारांकडून काम करून घ्यावं लागलं. १९४७ मध्ये दोघं कोर्टात गेले. १९४८ मध्ये सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, हक्क कायमचे गेले. कॉमिक्सवरून त्यांची नावंसुद्धा गायब झाली.

नंतर जोला धड काम मिळालं नाही. १९७५ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होता, डोळे जवळजवळ गेलेले. त्याच सुमारास सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार असल्याची बातमी आली. जेरीने पेपरवाल्यांना पत्रं पाठवून आवाज उठवला. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांची बाजू लावून धरली. कायद्याने कंपनी काही देणं लागत नव्हती, पण बदनामी कोणाला हवी? डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि प्रत्येक अंकावर निर्माते म्हणून नाव द्यायचं ठरलं. ३० जुलै १९९२ रोजी जो लॉस एंजेलिसमध्ये वारला. २०१२ मध्ये तो जुना चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. त्या एका कागदाला मूळ कामापेक्षा हजारपटीहून जास्त किंमत आली!

उद्या आपल्याही हातात ऑफर लेटर येईल, बॉण्ड येईल. प्रोजेक्ट कुठल्या कंपनीसाठी केला तर त्याच्या हक्कांचाही कागद येईल. वर्षभर नकार पचवल्यावर पेन आपोआप सहीकडे धावतं, त्या दोघांचंही तेच झालं असणार. तेव्हा दोस्तहो, सही करायच्या आधी बारीक अक्षरातला मजकूर एकदा नीट वाचा. अधू नजरेच्या जोला तो महाग पडला, आपले डोळे तर शाबूत आहेत!