चिंचोके-शिंपल्यांची शाळा : बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक

डहाणू : गावच्या अंगणवाडीत पोरं चिंचोके मांडतात, गाणी म्हणतात, फेर धरून नाचतात. बघणाऱ्याला वाटतं, नुसता खेळ चाललाय, अभ्यास कधी होणार? पण लहान पोरांचा खेळ हाच त्यांचा अभ्यास, हे खेड्यापाड्यांना दाखवून दिलं ताराबाई मोडक यांनी. आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. बाईमाणसाने शिकणंच अवघड होतं त्या काळात, १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. छडी नाही, धाक नाही, पोरांनी हाताने करून शिकायचं, ही तिथली रीत. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ ला मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं.

शहरात जम बसला होता. पण ही शाळा पैसेवाल्यांच्याच पोरांना मिळणार का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या.

इथे गणित वेगळंच. आईबाप मजुरीला, मोठी पोरं गुरांमागे नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. शाळेत येणार कोण? आलेलं पोर अनोळखी माणूस बघून बुजायचं. मग ताराबाईंनी शाळाच पोरांकडे नेली. पाड्यावर जायचं, पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि कुणाच्या तरी अंगणात खेळ मांडायचा. हीच अंगणवाडी. पुढे गुरं राखणाऱ्यांसाठी रानातच कुरणशाळा भरली.

बालमंदिरातली महागडी साधनं इथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, पानं, फुलं, खडे आले. लहान-मोठा शिंपला ओळीने लावला की नजर तयार होते. चिंचोके मोजले की आकडा कळतो. आणि वस्तू रोजच्या हातातली असल्यामुळे पोराला भीती वाटत नाही. चुकलं तर ओरडणारं कुणी नाही, पुन्हा मांडायचं. बुजरं पोर असंच हळूहळू बोलायला लागतं.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ते बघायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे चालवलं.

घरचं पोर उद्या अंगणवाडीतून खिशात चार चिंचोके घेऊन आलं, तर फेकून देऊ नका. त्याच्यासोबत बसून मोजा.