विश्लेषण : दिवाळे निघाल्यावरही मार्क ट्वेन यांनी पै न् पै कशी फेडली?

जानेवारी १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात साठीचे एक अमेरिकी पाहुणे खोकल्याने बेजार होऊन मुक्कामाला होते. ‘टॉम सॉयर’चे लेखक मार्क ट्वेन. मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी पुढे भरभरून लिहिले, पण ते इथे मौजेखातर आले नव्हते. त्यांच्या प्रकाशन कंपनीचे दिवाळे निघून दोन वर्षे होत आली होती आणि देणी फेडण्यासाठी ते व्याख्याने देत जगभर फिरत होते.

कर्ज झाले कसे?

१८८४ मध्ये ट्वेन यांनी स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. जनरल ग्रँट यांच्या आठवणींचे पुस्तक इतके खपले, की ग्रँट यांच्या पत्नीला एकाच धनादेशाने दोन लाख डॉलर देण्यात आले. पण आलेला पैसा ट्वेन अक्षरजुळणीच्या एका यंत्रात ओतत राहिले. त्यात सुमारे १८ हजार सुटे भाग! चालले की थक्क करायचे, पण चालायचेच कमी. तोवर छापखान्यांत लायनोटाइप पोहोचले होते. पत्नी ऑलिव्हिया यांचा वारशाचा पैसाही यात गेला. १८९१ मध्ये हार्टफर्डचे घर बंद करून कुटुंब युरोपात राहायला गेले. तिथे खर्च कमी येई. १८९३ च्या मंदीत बँकांनी हात आखडते घेतले आणि जुने कर्ज नव्या कर्जाने भागवण्याची वाटही बंद झाली.

मग हात वर का केले?

हिशेबाच्या वह्या तपासल्या स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स यांनी. कर्ज अंगावर घेऊन दिवस ढकलले तर एकेक धनको जप्ती आणेल आणि पुस्तकांचे हक्क कवडीमोलाने जातील, हे या मुरब्बी व्यापाऱ्याने ओळखले. १८ एप्रिल १८९४ रोजी कंपनीने दिवाळखोरी पत्करली. देणी लाखभर डॉलरची, धनको शंभराच्या आसपास. ट्वेन यांना ही नामुष्की वाटत होती.

ऑलिव्हिया यांचेही कंपनीकडे मोठे येणे होते. त्यापोटी पुस्तकांचे हक्क त्यांच्या नावे करण्यात आले. इतर धनको यावर चिडले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. पण कमाईचे एकमेव साधन त्यामुळेच वाचले.

कायद्याने सुटका झाली?

पुरती नाही. त्या वेळी अमेरिकेत दिवाळखोरीचा देशव्यापी कायदाच नव्हता. जुना १८७८ मध्ये रद्द झाला होता, नवा १८९८ मध्ये आला. कंपनी भागीदारीची, म्हणजे ट्वेन वैयक्तिकरीत्या बांधील. मालमत्ता विश्वस्ताच्या हवाली केली तरी उरलेले देणे आपोआप मिटत नसे. १८९५ मध्ये दौऱ्याच्या तोंडावर एका धनकोने त्यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचलेच. बरेच जण मात्र निम्म्या रकमेवर तडजोडीला तयार होते. ऑलिव्हिया यांना ते मान्य नव्हते. डॉलरमागे पूर्ण १०० सेंट द्यायचे, हे ठरले.

जुलै १८९५ मध्ये दौरा सुरू झाला. सोबत ऑलिव्हिया आणि मुलगी क्लारा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, मग मुंबई, पुणे, बडोदा, कलकत्ता, लाहोर आणि शेवटी दक्षिण आफ्रिका. मिळकत रॉजर्स यांच्याकडे जमा होई. वर्षभराने कुटुंब इंग्लंडला पोहोचले. मागे अमेरिकेत राहिलेली २४ वर्षांची थोरली लेक सूझी ऑगस्ट १८९६ मध्ये मेंदूज्वराने गेली. आजाराची खबर मिळताच ऑलिव्हिया आणि क्लारा निघाल्या होत्या, पण त्या अजून जहाजावरच होत्या. ट्वेन इंग्लंडमध्ये एकटे होते. त्याच दुःखात त्यांनी प्रवासाचे पुस्तक लिहून पूर्ण केले. ते १८९७ मध्ये आले.

१८९८ च्या सुरुवातीला शेवटचे देणे चुकते झाले. तेव्हा कुटुंबाचा मुक्काम व्हिएन्नात होता. काही आठवड्यांतच ट्वेन यांनी रॉजर्स यांना नवा बेत कळवला : गालिच्याचे नक्षीकाम करणाऱ्या एका यंत्राचे अमेरिकेतील हक्क घेण्याचा. रॉजर्स यांनी तो हाणून पाडला.