इंजिनाचा ताप उतरवणारा

मोटारीच्या तोंडावरची जाळी लहान मुलांच्याही ओळखीची असते. तिच्यामागे बसलेला रेडिएटर ज्याने घडवला, त्या विल्हेल्म मायबाख यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी ते पोरके झाले आणि रॉइटलिंगेनच्या अनाथाश्रमात वाढले. आश्रमाच्या कारखान्यात काम शिकणारा हा मुलगा तेथे आलेल्या गॉटलिब डाइमलर यांच्या नजरेत भरला. पुढे डाइमलर जिथे गेले तिथे मायबाखही गेले. १८८५ मध्ये दोघांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी रस्त्यावर आणली. नाव मात्र डाइमलर यांचेच झाले.

त्या काळी इंजिन थंड ठेवणे ही मोठीच डोकेदुखी होती. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेतला थोडाच भाग चाके फिरवतो. उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर पिस्टन जाम होतो. कार्ल बेंझ यांच्या गाडीत पाणी उकळून वाफेवाटे उडून जाई. १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरावे लागले.

डाइमलर १९०० मध्ये वारले. त्याच वर्षी मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येकीचे तोंड अवघे ६ मिलिमीटर. नळ्यांतून वारा वाहायचा, मधल्या फटींतून पाणी फिरायचे. लागणारे पाणी निम्म्यावर, ९ लिटरवर आले. ३५ अश्वशक्तीच्या या गाडीला एमिल येलिनेक यांनी आपल्या मुलीचे नाव दिले, मर्सेडिस. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यती तिने गाजवल्या.

अरुंद वाटा हा रेडिएटरचा गुण, आणि दुखणेही तिथलेच. गंज आणि गाळ साचला की त्या तुंबतात. म्हणून आजही ठरल्या मुदतीत, इंजिन पूर्ण थंड असताना जुने कूलंट काढतात, आतून स्वच्छ धुतात आणि कंपनीने सांगितलेले नवे भरतात. भरताना हवा अडकली तर तिथे कूलंट पोचत नाही आणि इंजिनाचा तेवढा भाग तापून निघतो. त्यासाठी हीटर गरमवर ठेवून कूलंट सावकाश ओतायचे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवायचा. मग इंजिन चालवून, ते निवल्यावर पातळी पुन्हा पाहायची. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे अंग भाजून घेणे. काढलेले कूलंट चवीला गोड पण विषारी, ते मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत ठेवू नये.

डाइमलर गेल्यावर कंपनीत मायबाख यांना बाजूला सारले गेले. १९०७ मध्ये ते बाहेर पडले. खचून न जाता मुलगा कार्ल याच्यासह झेपेलिन विमाननौकांच्या इंजिनांकडे वळले. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शाळेचे शिक्षण अपुरे राहिलेल्या अनाथ मुलाचा तो गौरव होता.

२९ डिसेंबर १९२९ रोजी ते वारले. कानश्टाटच्या दफनभूमीत, डाइमलर यांच्याजवळच त्यांची समाधी आहे.