सुरतेतले दादोबा

आमचं कुटुंब मूळचं खानदेशातलं, म्हणून घरात ‘मी जातो’ला ‘मी जास’ म्हणतात. शाळेत मुलं हसायची. व्याकरण म्हटलं की मला धास्तीच वाटे. मग दादोबा पांडुरंग तर्खडकरांविषयी वाचलं.

जन्म मुंबईचा, १८१४ सालचा. १८३६ मध्ये, ऐन बाविशीत, त्यांचं मराठी व्याकरण छापून आलं. पुढे शिक्षक म्हणून ते आपल्या सुरतेत आले. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहतांसोबत त्यांनी इथेच मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेदाला तिचा विरोध होता. १८८२ मध्ये दादोबा गेले.

मराठीला नियम घालून देणाऱ्या या माणसाला माणसांतली उच्चनीचता मान्य नव्हती. मग बोलींमध्ये तरी ती आपण का मानायची? ‘जातो’ला नियम आहे, तसा ‘जास’लाही आहेच की!