कवायत की विश्वास?

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे शिस्तीचे निस्सीम उपासक होते. सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला, त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानच्या शाळांतून तो व्यायाम रूढ केला. गुन्हेगाराला पहाटे उठवून लष्करी कवायत करायला लावली की तो सुधारतो, असे मानणाऱ्यांना हा राजा आपल्याच पक्षाचा वाटेल. म्हणूनच कैद्यांच्या बाबतीत त्यांनी कोणता मार्ग पत्करला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१९०९ साली ते गादीवर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी दिलेल्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने कैद्यांना तुरुंगाच्या भिंतींबाहेर वसविण्याची कल्पना मांडली, आणि राजांनी ती मान्य केली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. तेथे कैदी शेती करीत व कुटुंबासह राहत. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी वसाहत टिकली. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच.

उलट, अमेरिकेत १९८३ पासून तरुण कैद्यांसाठी लष्करी धाटणीच्या शिबिरांची लाट आली. त्यांच्या परिणामांचा पुढे अनेक अभ्यासकांनी तौलनिक धांडोळा घेतला. पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात एकंदरीत फरक पडत नाही, हाच त्याचा निष्कर्ष. कारण उघड आहे. कवायत शरीर कणखर करते. सुटकेनंतर ती ना रोजगार देते, ना घराचे दार उघडते.

खुल्या तुरुंगात निवडक कैदीच पाठविले जातात, त्यामुळे तेथील यशाचे सारे श्रेय पद्धतीला देणे शास्त्रशुद्ध होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रश्न सुटकेच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून हाती घेतलेले पुनर्वसनाचे कार्य नेमके याच दिवसासाठी आहे.

शिस्तीचे मोल भवानरावांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते. परंतु कैद्याच्या हाती त्यांनी दिले ते शेत आणि त्यासोबतची जबाबदारी. सुधारणेच्या नावाखाली कवायतीची मैदाने आखू पाहणाऱ्यांनी आधी आटपाडीची वाट धरावी.