भटोबासांची कसोटी

एखादे कर्म योग्य की अयोग्य हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न साधकापुढे नित्य उभा असतो. कर्माच्या बाह्य रूपावरून, कर्त्याच्या हेतूवरून, की त्याच्या परिणामावरून? शास्त्रनिरूपणात याचा विचार सूत्रांच्या आधारे होतो. परंतु सूत्र आचरणात कसे उतरते हे पाहावयाचे असेल, तर पंथाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य उपाख्य भटोबास यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

भटोबासांचा काळ हा देवगिरीच्या यादवांचा काळ होय. तरुणपणी ते शस्त्र बाळगणारे व स्वच्छंद वृत्तीचे होते, असे परंपरा सांगते. आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघीही पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या परिवारात आल्या. अशा कुळातील हा तरुण स्वामींच्या सन्निधानी आला आणि त्याचे जीवन मुळापासून पालटले. हातातील शस्त्र गेले, भिक्षेची झोळी आली.

स्वामींच्या सन्निधानात त्यांना जे मिळाले ते केवळ विधिनिषेधांची जंत्री नव्हते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आश्रयाला आला, तेव्हा स्वामींनी तो त्यांच्या स्वाधीन केला नाही, उलट पारध्यांनाच हिंसेपासून परावृत्त केले, ही लीळा सर्वांना विदित आहे. लोकरूढीप्रमाणे ससा पारध्यांचा होता. परंतु जो भयभीत होऊन शरण आला, त्याचे दुःख रूढीच्या मान्यतेने पुसले जात नाही. कर्माचा विचार करताना ज्याच्यावर ते कर्म घडते त्या जीवाकडे प्रथम पाहावे, हा या लीळेतील बोध होय.

१३ व्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. वियोगाचे दुःख भटोबासांना असह्य झाले. तरीही आज्ञेप्रमाणे ते रिद्धपुरास गेले व श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथेच सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या संकलनाचे कार्य केले. म्हाइंभट मोठे शास्त्रज्ञ, पण लीळा मिळविण्यासाठी त्यांनी भटोबासांना तर विचारलेच, शिवाय ज्यांनी ज्यांनी स्वामींचे दर्शन घेतले होते त्यांच्याकडे जाऊन प्रत्येक लीळा पारखून घेतली. श्रीप्रभूंच्या निजधामगमनानंतर पंथाचा सर्व भार भटोबासांवर आला. १४ व्या शतकाच्या प्रारंभी त्यांचे देहावसान होईपर्यंत तो त्यांनी वाहिला.

या आचार्यत्वाच्या काळातील एक प्रसंग प्रस्तुत प्रश्नावर विशेष प्रकाश टाकतो. केशिराजबास हे संस्कृतचे अधिकारी पंडित. स्वामींचे निरूपण संस्कृतात ग्रथित करावे असे त्यांच्या मनात आले. भटोबासांनी त्यांना थांबविले. संस्कृतात रचना झाली तर परिवारातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे एवढेच कारण त्यांनी सांगितले. स्वामींनी आपणांस मराठीतच निरूपण केले, म्हणून प्रश्नही मराठीतच विचारावेत, असा त्यांचा पंडित शिष्यांनाही आग्रह असे.

या निषेधाचा विचार बारकाईने केला पाहिजे. केशिराजबासांच्या हेतूत कोणतेही मालिन्य नव्हते. कर्मही स्वरूपतः निंद्य नव्हते, कारण त्यांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतातच आहे व ते पंथाने आदराने जतन केले आहे. परिणाम म्हणावा तर देशोदेशीच्या विद्वानांपर्यंत निरूपण पोहोचले असते. मग दोष कोठे?

कोणी म्हणेल की संस्कृत ग्रंथ झाल्याने मराठी वचने नाहीशी झाली नसती. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु ग्रंथ संस्कृतात होताच प्रामाण्य तिकडे जाते. मराठी वचन दुय्यम ठरते. जी वृद्धा स्वामींचे वचन स्वतः आठवून स्वतः त्याचे मनन करीत होती, तिला त्याचा अर्थ पंडिताच्या दारी जाऊन विचारावा लागला असता. विद्वानाला ज्ञानाची अनेक दारे उघडी असतात, तिला मात्र हे एकच दार होते. ते बंद करून मिळणारा बहुतांचा लाभ भटोबासांना ग्राह्य वाटला नाही. हेतू शुद्ध असावाच, पण तेवढ्याने कर्म शुद्ध होत नाही. लाभाची बेरीज मोठी असली तरी जो सर्वांत असमर्थ आहे त्याच्यावर काय गुदरते, हे पाहिल्यावाचून निर्णय करू नये. केशिराजबासांनी हे मानले. पांडित्याची कीर्ती सोडून त्यांनी सूत्रपाठ व ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ मराठीत सिद्ध केला.

हीच कसोटी आपल्यालाही लावून पाहणे उचित होय. भटोबासांनंतर, १४ व्या शतकात, ग्रंथांच्या रक्षणासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या प्रचारात आल्या. हेतू रक्षणाचा होता आणि पोथ्या टिकल्या, हा लाभही खरा. तथापि २० व्या शतकाच्या प्रारंभी ती लिपी उलगडेपर्यंत मराठीभाषक समाज या वाङ्मयाला पारखा राहिला, आणि लिपी न जाणणारा सामान्य वासनिकही दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहिला. पूर्वजांना दोष देण्याचा येथे उद्देश नाही. त्यांच्यावरील संकट त्यांनाच ठाऊक. परंतु संकट सरल्यावरही दार बंद ठेवणे योग्य आहे काय, हे भटोबासांच्या दृष्टीने प्रत्येक पिढीने पुन्हा पाहावयाचे असते.

गोदातीरी पैठणपासून विष्णुपुरीपर्यंत आजही पोथी ऐकावयास वृद्ध माता येऊन बसतात. निरूपण करणाऱ्याच्या विद्वत्तेने सभा तृप्त झाली तरी मागे बसलेल्या त्या मातेला काही उमगले नसेल, तर ते निरूपण हेतूने शुद्ध असूनही आचार्यांच्या कसोटीस उतरले नाही, असेच म्हणावे लागेल.